आस्वादाची नीती

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमचे एक जुने विद्यार्थी बेल्जमहून अमरावतीस आले होते. वीस वर्षांपूर्वी ते आमच्याकडे तर्कशास्त्र शिकले. पुढे अभियंते होऊन परदेशी स्थायिक झाले. गुरूला भेटावयास रिकाम्या हाताने जाऊ नये, हा घरचा संस्कार त्यांनी तिकडेही जपला होता. फरक इतकाच की, नारळ आणि पेढे यांच्या जागी त्यांनी आमच्यापुढे काळसर काचेच्या दोन बाटल्या ठेवल्या. रोशफोर येथील ट्रॅपिस्ट साधूंच्या मठात तयार झालेली ती बिअर होती. ‘सर, ही दारू म्हणून पिऊ नका, कविता वाचावी तशी चाखा,’ असे त्यांनी बजावले. शिष्याने गुरूला आस्वादाचा पाठ द्यावा याची आम्हांस गंमत वाटली, आणि थोडे बोचलेही. कारण जवळजवळ तीस वर्षे आम्ही रसास्वादावर व्याख्याने देत आलो आहो. परंतु ज्या जिभेवरून ‘रस’ हा शब्द आम्ही उसना घेतला, त्या जिभेचा विचार त्या व्याख्यानांत क्वचितच केला होता.

परवान्याची बाब रीतसर उरकून एका रविवारी सायंकाळी आम्ही चौघे जमलो. एक डॉक्टर, एक आमचे सहाध्यापक, आणि अकोल्याच्या कापूस बाजारात उभा जन्म घालविलेले आमचे एक बालमित्र. हे मित्र माळकरी. त्यांनी पेला हाती घेतला तो केवळ हुंगण्यासाठी. बाटली एक आणि तीही पाव लिटरहून थोडी मोठी. तेव्हा प्रत्येकाच्या वाट्यास चार-पाच घोटांपलीकडे काही येण्यासारखे नव्हते. विद्यार्थ्याच्या सूचनेप्रमाणे ती बर्फगार न करता किंचित थंड अशीच ठेवली होती आणि तळाचा गाळ ढवळू न देता सावकाश ओतली. रंग काकवीसारखा गडद, वर बदामी फेस. पहिल्या घोटास खजूर आणि मनुका आठवल्या. मागून भाजलेल्या धान्याचा खमंग कडवटपणा आला, आणि घोट गिळल्यानंतर छातीत ऊब उतरली. आमचे माळकरी मित्र नुसत्या वासावरून म्हणाले, ‘गुऱ्हाळात काकवी कढईला लागली म्हणजे असा वास येतो.’ मागाहून विद्यार्थ्याने सांगितले की, अशा बिअरमध्ये गडद साखर घालण्याची तिकडे चालच आहे. न पिणाऱ्याने सर्वांत नेमके सांगितले होते.

याच वेळी आमच्याकडे धुणीभांडी करावयास येणाऱ्या बाई पेले विसळण्यास न्यावे की नाही हे पाहण्यासाठी दाराशी आल्या. क्षणभर पाहून त्यांनी विचारले, ‘सायेब, हे बी तेच व्हय का जी?’ आम्ही म्हणालो, ‘हो, तेच.’ त्यावर त्या म्हणाल्या, ‘मंग इतकं हयू हयू काऊन पेता?’ सगळे हसले. त्याही हसल्या आणि आत गेल्या. या बाईंच्या पगाराचे पाकीट गेली सहा वर्षे आमच्या कुटुंबाच्या कपाटात असते. घरी नेले तर ते संध्याकाळपर्यंत टिकत नाही, हे त्यांस अनुभवाने ठाऊक आहे. त्यांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा उशिरा केलेला प्रयत्न होय.

प्रश्न थोडक्यात असा मांडता येईल : मद्याच्या बाबतीत रसिकता हा खरोखर एखादा गुण आहे, की व्यसनालाच घातलेला तो एक भरजरी अंगरखा आहे? सावकाश पिणारा आणि घटाघट पिणारा यांत नैतिक भेद आहे, की केवळ वेगाचा भेद आहे?

प्रथम रसिकतेची बाजू घेऊ. रुची ही ज्याची त्याची असते, तिच्यात खरेखोटे काही नाही, असे आपण सहज म्हणून जातो. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्ववेत्त्याने १७५७ साली प्रसिद्ध केलेल्या रुचिविषयक निबंधात या मताचा परामर्श घेतला आहे. त्यासाठी त्याने ‘डॉन किहोटे’ या कादंबरीतील एक गोष्ट घेतली. सँकोच्या घराण्यातील दोघा जाणत्यांस पिंपातील द्राक्षमद्याची पारख करावयास सांगितले. एक म्हणाला, मद्य उत्तम, पण किंचित चामड्याची चव लागते. दुसरा म्हणाला, उत्तम, पण लोखंडाची चव लागते. लोकांनी दोघांचीही थट्टा केली. पुढे पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी एक जुनी किल्ली निघाली, आणि तिला चामड्याची वादी बांधलेली होती. तात्पर्य, जीभ ही केवळ सुखाची जागा नसून ज्ञानाचेही साधन आहे. आमचे अकोल्याचे मित्र रुईची चिमूट दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून ओढतात आणि धाग्याची लांबी सांगतात. ज्वारीच्या पिठाचा नुसता वास घेऊन आमच्या मातोश्री ते किती दिवसांचे ते ओळखीत. यास कोणी ‘आपापली आवड’ म्हणणार नाही. वस्तूत जे आहे तेच त्यांच्या बोटांस आणि नाकास कळत होते.

यावर कांटचा आक्षेप आहे. १७९० च्या आपल्या ग्रंथात तो म्हणतो की, कॅनरी बेटांतील मद्य मला रुचते, एवढेच मनुष्याने म्हणावे. ते सर्वांस रुचावे असा आग्रह त्याला धरता येत नाही. तसा दावा करण्याचा अधिकार सौंदर्याच्या निर्णयासच आहे. भेद मोलाचा आहे खरा. परंतु आमच्याकडील परंपरेने ही भिंत एवढी उंच बांधलेली दिसत नाही. भरतमुनींस नाट्यातील रस समजावून द्यावयाचा होता, तेव्हा त्यांनी दृष्टांत घेतला तो जेवणाचाच. नाना व्यंजनांनी संस्कारलेले अन्न खाताना सुमनस्क पुरुष जसे रस चाखतात आणि हर्ष पावतात, तसेच प्रेक्षक भाव चाखतात, असे नाट्यशास्त्र सांगते. येथे ‘सुमनस्क’ हा शब्द महत्त्वाचा आहे. भुकेने कासावीस झालेला मनुष्य अन्न गिळतो, चाखत नाही. चाखण्यासाठी मन स्वस्थ असावे लागते. हा शब्द आम्ही पुढे पुन्हा हाती घेणार आहो.

रसिकतेच्या बाजूने आणखी एक साक्ष आहे, आणि ती खुद्द त्या साधूंची. पाश्चात्य ख्रिस्ती मठजीवनाचा पाया ज्याच्या नियमावलीने घातला त्या संत बेनेडिक्टने सहाव्या शतकातच पेयाच्या मापावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. संन्याशास मद्य उचित नाही हे त्यास मान्य आहे. परंतु आपल्या काळच्या साधूंस ते पटवून देता येत नाही, म्हणून निदान तृप्तीपर्यंत न पिता अल्प प्यावे, एवढे तरी ठरवू, असा त्याचा व्यवहारी सूर आहे. वेस्टमाले येथील ट्रॅपिस्ट मठात १८३६ साली पहिली बिअर साधूंच्या जेवणात आली, आणि १८५६ पासून तेथे गडद व तीव्र बिअर होऊ लागली. मोड आणून वाळविलेले जव, हॉप नावाच्या वेलीची कडू फुले, पाणी, साखर आणि किण्व, एवढीच सामग्री. बाटलीत भरल्यावरही किण्व जिवंत राहून काम करीत असते आणि मद्य तेथेच मुरते. १९१९ साली बेल्जममध्ये कायद्याने सार्वजनिक पानगृहांतून कडक दारूच्या विक्रीस बंदी झाली, तेव्हा लोक तीव्र बिअरकडे वळले. मनुष्याची वाट एका बाजूने अडविली की ती कोठून फुटते, याचाही हा एक धडाच होय.

या मठांपैकी वेस्टव्हलेटेरेन येथील साधूंची रीत आम्हांस विशेष विचार करण्याजोगी वाटते. त्यांच्या बिअरला जगात मागणी अपार. परंतु मठ चालविण्यास आणि दानधर्मास लागेल त्यापेक्षा अधिक ती करावयाची नाही, असा त्यांचा निर्धार आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी आपला व्याप मुद्दाम आवरता घेतला आणि मोठ्या प्रमाणावर करण्याचा परवाना १९४६ साली दुसऱ्या एका कारखान्यास दिला; १९९२ मध्ये तोही संपविला. भाव चढा असताना ‘पुरे’ म्हणणारा व्यापारी आम्ही आमच्या कापूस बाजारात तरी पाहिलेला नाही. पिणाऱ्याच्या संयमाची चर्चा सर्वत्र होते. करणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या संयमाची होत नाही.

येथवर रसिकतेचा पक्ष बळकट दिसतो. आता त्याची दुसरी बाजू पाहू.

अमरावतीहून उत्तरेस परतवाडा ओलांडून घाट चढू लागलो की मेळघाट लागतो. तेथे चैत्राच्या सुमारास पहाटे मोहाची टपोरी, मलईच्या रंगाची फुले झाडाखाली पडतात आणि कोरकू स्त्रिया व मुले टोपल्या घेऊन ती वेचतात. फुलांत साखर विपुल. ती वाळवून खातात, आणि पाण्यात आंबवून भट्टी लावून त्यांचे मद्यही करतात. देवाला, लग्नाला, मर्तिकाला त्याचा मान असतो. साखर, पाणी आणि किण्व यांचा जो संसार बेल्जमच्या मठात चालतो, तोच मेळघाटच्या मडक्यात चालतो. भट्टीमुळे मोहाचे मद्य अधिक कडक होते, एवढा भेद मानावाच लागेल. परंतु एकास आपण परंपरा म्हणतो आणि दुसऱ्यास गावठी म्हणतो. एकाच्या बाटलीवर मठाचे नाव, दुसऱ्याच्या मडक्यावर पोलिसाची लाठी. मुंबई इलाख्यात १८७८ साली आबकारी कायदा झाला आणि १८९२ साली तर मोहाच्या फुलांवरच बंधने घालणारा कायदा आला. त्यांत लोकनीतीची काळजी किती आणि सरकारी महसुलाची किती, हे वाचकांनीच ठरवावे. यात नवे काही नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील सुराध्यक्ष पानगृहात निरनिराळ्या खोल्या, आसने, गंध आणि फुले यांची व्यवस्था ठेवतो, आणि त्याच खोल्यांत कोण किती खर्च करतो हे टिपण्यास हेरही बसवितो. राज्याचा एक हात पेला भरतो आणि दुसरा वही भरतो.

अलीकडे वारे फिरले आहे. बेल्जमच्या बिअर-संस्कृतीस २०१६ साली युनेस्कोने मानवी वारशात स्थान दिले. गोव्याच्या काजू-फेणीस २००९ साली भौगोलिक निर्देशन मिळाले. शेजारच्या मध्य प्रदेश शासनाने मोहाचे मद्य ‘वारसा मद्य’ म्हणून विकण्याची घोषणा २०२१ साली केली. उद्या तेच मोहाचे मद्य नक्षीदार बाटलीतून आमच्या दिवाणखान्यात आले, तर आम्ही त्यातही फुलांचा गंध आणि मधाची छटा शोधू, यात शंका नाही. मग काल ती छटा तेथे नव्हती काय? होती, पण ती चाखणाऱ्यास रसिक म्हणण्याची आमची तयारी नव्हती. तेव्हा ज्यास आम्ही रुची म्हणतो तिचा बराचसा भाग प्रतिष्ठेचा असतो. जिभेने निर्णय देण्यापूर्वीच डोळ्यांनी चिठ्ठी वाचलेली असते.

याहून गंभीर आक्षेप पुढेच आहे. मिल्लने १८६१ साली उपयुक्ततावादाचे विवेचन करताना सुखांची प्रतवारी लावण्याची एक कसोटी सांगितली : ज्याने दोन्ही सुखे अनुभवली आहेत त्याचाच निर्णय ग्राह्य मानावा. मद्याचे कैवारी या कसोटीचा मोठा उपयोग करून घेतात. ज्याने चाखलेच नाही त्यास बोलण्याचा अधिकार काय, असा त्यांचा प्रश्न असतो. वाद घालताना तो बिनतोड वाटतो. पण त्यात एक गृहीत लपलेले आहे. पेल्यात जे काही आहे ते सर्व पिणाऱ्याच्या जिभेवर उतरते, हे ते गृहीत होय.

ते खरे आहे काय? १९१९ साली, आपल्या विदर्भातील सावनेर येथे, ज्यांचे अकाली निधन झाले त्या राम गणेश गडकरींच्या ‘एकच प्याला’ नाटकात सुधाकर पितो. सिंधू पीत नाही. परंतु त्या प्याल्यात काय होते हे दोघांपैकी कोणास अधिक कळले, असे विचारले तर नाटक पाहिलेला कोणीही प्रेक्षक क्षणभरही अडखळणार नाही. नाटकातील दाखला पुरेसा वाटत नसेल, तर आमच्या वऱ्हाडातीलच एक प्रत्यक्ष चरित्र घ्यावे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली डेबू नावाचा मुलगा जन्मला. त्याचे वडील झिंगराजी दारूपायी अकाली गेले, आणि आई सखुबाई पोरक्या मुलास घेऊन अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यात दापुरे येथे आपल्या माहेरी आली. पुढे हाच मुलगा मोठा झाला, त्याच्या घरी पाळणा हालला, तेव्हा बारशाला मांसाचे आणि मद्याचे जेवण घालावे असा जातीचा रिवाज होता. त्याने तो मोडला आणि पंगतीस गोडाधोडाचे वाढले. हेच पुढे गाडगेबाबा झाले. हाती खराटा आणि गाडगे घेऊन ते गावोगाव हिंडले, आणि दारू पिऊ नका हे आपल्या कीर्तनांतून डिसेंबर १९५६ मध्ये देह ठेवीपर्यंत सांगत राहिले.

मिल्लच्या कसोटीने गाडगेबाबा अपात्र ठरतील काय? आम्हांस वाटते, ह्यूमच्या गोष्टीतील तिसरा जाणता तो हाच. पहिल्याने चामडे ओळखले, दुसऱ्याने लोखंड; पिंपाच्या तळाशी आणखी काय पडलेले असते हे पिणाऱ्याच्या मुलास आणि बायकोस कळते. त्यांनी थेंबही न चाखता ते कळते. आमच्या माळकरी मित्राने नुसत्या वासावरून करपलेली काकवी ओळखली, तसेच हे होय. चव ही वस्तूत असते असे एकदा मानले, म्हणजे वस्तूत जे जे आहे ते सर्व मोजावे लागते. आपणांस गोड लागले तेवढेच मोजून चालत नाही. रसिकतेच्याच तर्काने आम्ही येथवर आलो आहो, हे वाचकांच्या ध्यानी आले असेल.

मग निष्कर्ष काय? सर्वांनी वर्ज्यच करावे? गीतेच्या दुसऱ्या अध्यायात एक सूक्ष्म इशारा आहे : निराहारी मनुष्यापासून विषय दूर होतात, पण त्यांची गोडी दूर होत नाही. बंदीने पेला जातो, तहान जात नाही, हे मध्यप्रांत-वऱ्हाडात १९३८ साली झालेल्या दारूबंदीच्या कायद्यापासून आजपर्यंत अनेक प्रांतांनी पाहिले आहे. परंतु या वचनाचा आधार घेऊन स्वतःस सूट देणारा रसिकही आपली फसवणूकच करीत असतो. विषय समोर ठेवून गोडी जाते, असे काही गीतेने म्हटलेले नाही.

आमच्या मनास जे उमगले ते असे. आमचे चार घोट सावकाश गेले, ते आमच्या संयमामुळे असे आम्ही त्या सायंकाळी समजत होतो. आता तसे वाटत नाही. आम्ही सावकाश प्यालो, कारण आम्हांस विसरावयाचे काही नव्हते. दिवसभर पाठीवर पोती वाहिलेली नव्हती, दुसऱ्या दिवशी कामाची शाश्वती होती, पोटात जेवण होते आणि खोलीत वारा होता. भरतमुनींचा ‘सुमनस्क’ पुरुष होण्यास जी स्वस्थता लागते, ती आम्हांस आयती मिळालेली होती. त्यातही दैवाचा भाग आहे : आमच्या डॉक्टर मित्रांनी सांगितले की, एकाच पेल्याने एक मनुष्य तृप्त होतो आणि दुसरा बांधला जातो, यात दोघांच्या शरीराची घडण आणि घराण्याचा वारसा यांचा मोठा वाटा असतो, व्यसन हा आजार आहे, नुसता दुर्गुण नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने तर जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच म्हटले की, आरोग्यास निर्धोक असे मद्याचे कोणतेही प्रमाण सांगता येत नाही. मठाच्या भिंतीआड झालेले मद्य या नियमास अपवाद नाही. तेव्हा ज्यास आम्ही आपली नीती म्हणत होतो ती पुष्कळ अंशी आमची सुस्थिती होती, आणि सुस्थितीचा अभिमान बाळगणे हा रसिकाचा नव्हे, सुखवस्तूचा दोष आहे.

म्हणून रसिकता खोटी असे आम्ही म्हणत नाही. नीट चाखणे हे नीट वाचण्याइतकेच खरे ज्ञान आहे, आणि ज्यास ‘पुरे’ म्हणता येते त्यासच ते लाभते. परंतु त्या ज्ञानाने चाखणाऱ्यास इतरांचा न्यायाधीश होण्याचा अधिकार मिळत नाही. जो आपल्या पेल्यातील मनुका आणि खजूर ओळखतो, पण दाराशी उभी असलेली बाई ओळखीत नाही, त्याची जीभ तयार असेल. त्याची रुची अजून कच्ची आहे.

त्या बाईंस आम्ही नंतर उत्तर दिले. आम्ही म्हणालो, ‘बाई, आम्हांला घाई नव्हती, म्हणून हळू प्यालो.’ त्यांनी मान हलविली आणि म्हणाल्या, ‘त्याईले बी घाई नसते जी. घरी याची इच्छाच नसते.’ एवढे बोलून त्या कामास लागल्या. तीस वर्षांच्या व्याख्यानांत व्यसनाचे इतके नेमके निदान आम्हांस करता आले नव्हते.

दुसरी बाटली आमच्या पुस्तकांच्या कपाटात, कांट आणि भरत यांच्या मागे, अद्याप तशीच आहे. ती ठेवल्याने मुरते आणि अधिक चांगली होते, असे विद्यार्थी म्हणतात. त्यांस आम्ही पत्र लिहिले आहे : पुढच्या वेळी येताना तिकडची एखादी चांगली पुस्तकयादी आणावी. बाईंच्या पगाराचे पाकीट मात्र समोरच्या कपाटात आहे, आणि दर महिन्यास त्यातील थोडी रक्कम मुलीच्या नावे पोस्टात जाते. ही दोन कपाटे एकमेकांसमोर आहेत. त्यांच्या मधोमध बसून आम्ही हा लेख लिहिला.